तळमजल्याचा उमेदवार

सकाळी अकराला वामनरावांच्या उजव्या गुडघ्याचा अहवाल आला. इमारतीला लिफ्ट नव्हती. तळमजल्यावरचा रिकामा फ्लॅट ज्याचा गुडघा जास्त झिजलाय त्यालाच मिळणार होता. शेजारच्या कुमुदिनीबाईंचा गुडघा झिजल्याचं कालच सिद्ध झालं होतं.

“गुडघ्याच्या कूर्चेत पाणी धरून ठेवणारी प्रथिनं असतात, प्रोटिओग्लायकन. दुखापतीनंतर ती कमी होतात,” डॉक्टर म्हणाले.

“मग माझी संपलीच असणार! कबड्डीत गुडघा मोडलाय.”

“एकूणएक शाबूत आहेत. पंचविशीतला गुडघा आहे. अभिनंदन!”

“अभिनंदन कसलं, डॉक्टर? घर घालवलंत माझं!”

फेरतपासणीचा अर्ज लिहून वामनराव तडक निघाले आणि दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत चढत चौथ्या मजल्यावर सोसायटीच्या सचिवांच्या दारात पोचले.

“हळू, भावजी!” खालून कुमुदिनीबाई ओरडल्या. “गुडघा दुखतो ना?”

सचिवांनी दार उघडलं. वामनरावांना लंगडायचं आठवलं. कोणत्या पायानं, ते अजून आठवलेलं नाही.