थांबेल की नाही

यंत्राने पुन्हा बरोबर उत्तर दिलं आणि माधवीने वहीत आणखी एक बरोबरची खूण केली.

तिने मुद्दाम फसवा प्रोग्राम पाठवला होता. वरवर पाहणाऱ्याला तो जन्मभर गोल गोल फिरत राहील असं वाटावं, पण आत खोल एका ओळीत त्याची सुटका दडवलेली होती. टेलिफोनच्या तारेवरून तो सिकंदराबादच्या बंद खोलीतल्या यंत्राकडे गेला. थोड्या वेळाने तो थांबेल असा निर्वाळा पडद्यावर उमटला. माधवीने हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले.

"हौ, झाली ना तसल्ली?" कंपनीचे मालक भगवंतराव मागे येऊन उभे होते. घराणं मराठी, पण कैक पिढ्या हैदराबादेत मुरलेलं. "उद्या अमेरिकेचे लोगां येतायत. तुम्ही फक्त म्हणायचं, आम्ही तपासलं, हे चुकत नाही. बस."

"सर, एकदा ते यंत्र डोळ्यांनी पाहू द्या की."

"नक्को. धूळ चालत नाही त्याला. गरमी तर बिलकुल नाही, म्हणून तर दुपारचं बंद ठेवतो."

देशाचा बाजार नुकता खुला झाला होता. प्रोग्राम मध्येच अडकला की बँकांचे, विमानांचे व्यवहार खोळंबायचे. कुठला अडकेल हे आधीच सांगणाऱ्या यंत्रासाठी लोक रांग लावणार, यात शंका नव्हती.

माधवीची अडचण वेगळीच होती. असं यंत्र असूच शकत नाही, हे तिला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. तातेराव नांदेडच्या कॉलेजात गणित शिकवून रिटायर झाले होते आणि आता हैदराबादेत तिच्याकडेच राहत होते. कुठलाही प्रोग्राम पाहून तो थांबेल की नाही हे अचूक सांगणारा प्रोग्राम कुणालाही, कधीही लिहिता येणार नाही. हे सांगताना त्यांचा आवाज विहारात वंदना घेताना होतो तसा हळू व्हायचा. "अकलेनं आपली हद्द आपणच शोधून काढली, माय. याहून मोठं काय असतं?" त्या एका वाक्यापायी माधवी या क्षेत्रात आली होती.

संध्याकाळी अंबरपेठच्या घरी जेवताना तिने सगळं सांगून टाकलं.

"चुकलंच नाही?" तातेरावांनी विचारलं.

"एकदाही नाही."

"मग उद्या तसं सांगायलीस का?"

"तुमचं आयुष्यभराचं शिकवणं खोटं पाडून? मला नाही जमायचं, बाबा. अन् नाही सांगितलं तर नोकरी जाईल."

तातेराव ताटात भाकरी कुस्करायला लागले. रिटायर झाल्यावर 'आता मला कोण काय विचारतंय' म्हणत ते खुर्चीला खिळून बसले होते. मग बेगम बाजारातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याच्या नातवांची शिकवणी मिळाली आणि स्वारी पुन्हा माणसात आली. रोज सकाळी डबा घेऊन हसतमुखाने निघायचे.

"मसालेवाल्याकडं जाता, अन् आजवर जिऱ्याची एक पुडी नाही आणली घरात," मालनबाईंनी नवऱ्याला टोमणा मारून घेतला.

तातेरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. "उलटा प्रोग्राम पाठव त्याला," ते एकदम म्हणाले. "उद्याच. पाहुण्यांच्या समोर."

"अन् त्यानं उत्तर दिलं तर?"

"नाही देणार."

"इतकी खात्री?"

"तुला नाही का?"

दुसऱ्या दिवशी पाहुणे खुर्च्या ओढून बसले. माधवीने मोजक्या ओळी लिहिल्या. हा प्रोग्राम आधी यंत्रालाच विचारायचा, मी थांबेन का? यंत्र 'थांबेल' म्हणालं तर तो फिरतच राहणार. 'नाही' म्हणालं तर जागच्या जागी थांबणार. काहीही म्हटलं तरी यंत्र खोटं ठरणार होतं. तिने तो पाठवला.

पडदा कोराच राहिला.

पाहुण्यांनी घड्याळं पाहिली. भगवंतरावांनी कपाळ पुसलं. "लाईन गेली असेल," ते पुटपुटले.

लाईन शाबूत होती. माधवीच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढं अफाट यंत्र, आणि या चिमूटभर ओळींपुढे त्याची वाचा बसली होती. बाबा म्हणायचे ती हद्द आज तिला डोळ्यांनी दिसत होती. तिला रडू आवरेना.

तेवढ्यात पडद्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं. अक्षरं इंग्रजी होती, भाषा मराठी.

'याला उत्तर नाही, माय. पाहुण्यांना खरं काय ते सांग. मी आता घरी निघालो.'