लिंबाखालची सुवेर

"अवो, पंप खाली ठेवा आधी! सुवेर लागलीय!"

बायकोची, बयाबाईची, हाक ऐकून महिपती जागीच थबकला. पाठीवर औषधाचा पंप, तोंडाला फडकं, हातात नळी. आणखी चार पावलं, की कागदी लिंबाचं झाड औषधाने न्हाऊन निघालं असतं.

"कोणाची गो? रेश्माची?" त्याने फडकं ओढून काढलं. मुंबईला दिलेल्या लेकीचे दिवस भरत आले होते. "मुलगा की मुलगी? मला फोन कसा नाय आला?"

"रेश्माला अजून महिना हाय. इकडं या तुम्ही."

तिने त्याला हाताला धरून लिंबाच्या पलीकडे नेलं. तिथे नात श्रुतिका उकिडवी बसली होती. समोरच्या काटकीवर बोटाच्या पेराएवढं काहीतरी हिरवं लटकलं होतं. विजेच्या खांबावरचा वायरमन पट्टा बांधून मागे रेलतो ना, तसं ते एका बारीक दोऱ्यावर रेललं होतं.

"काल अळी होती, आबा! आज कोष झालाय! आतून फुलपाखरू येणार!"

महिपतीचं डोकंच फिरलं. "अळीची सुवेर? येड लागलंय का तुम्हाला?"

त्याचंही चूक नव्हतं म्हणा. अख्ख्या वरंध गावात महिपतीच्या झाडाच्या पानाला कधी भोक दिसलं नव्हतं. आणि आता लिंबाच्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. शेजारचा गोमाजी रोज सकाळी गडग्याच्या दगडांवर कोपर टेकून, तंबाखू मळत विचारायचा, "महिपत, पानं कोण खातो रे तुझी?" एवढंच विचारायचा. पण ते महिपतीला दिवसभर सलायचं.

तरी पोरीचं तोंड बघवत नव्हतं. जूनपासून सगळं घर तिच्या फुलपाखरांच्या बागेमागे लागलं होतं. मुलगा विनोद एमआयडीसीतली पाळी संपवून यायचा आणि नदीतले गोटे आणून वाफे बांधायचा. सून पूनमने झेंडू लावला, सदाफुली लावली, लोक उपटून फेकतात ती घाणेरीसुद्धा लावली. फुलपाखरं आली की! थव्याने आली. मध प्यायली आणि गडग्यावरून गोमाजीकडे निघून गेली.

"पाहुणी हायत मेली," श्रुतिका चिडायची. "चहा पितात नि जातात. एक तरी आपल्या घरी जन्मलेलं पायजे!"

आता ते समोर टांगलेलं होतं, आणि आजोबाच्या पाठीवर पंप.

"तुमच्याच आईची चाल ना?" बयाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "घरात बाळंतीण असली की दहा दिवस झाडाच्या पानाला नख लावायचं नाय. ही पोटात जीव घेऊन आपल्या दारात बसलीय. बाळंतीण नाय तर कोण?"

महिपती म्हणजे सरकारी अधिकाऱ्याशी भांडलेला माणूस, पण आईच्या शब्दापुढे त्याचं कधी काही चाललं नव्हतं. पंप पाठीवरून उतरला.

तिसऱ्या दिवशी गोमाजी गडग्यावर हजर. "अजून फवारलं नाय? पानं कोण खातो तपास तरी कर."

"परवापासून सुवेर हाय रे आमच्यात," महिपती तोऱ्यात म्हणाला. "पानाला हात नाय लावायचा."

गोमाजीच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. "असं होय!" म्हणत तो घाईघाईने घरात गेला.

पाचव्या दिवसापासून महिपती चहाच्या आधी लिंबाखाली जाऊ लागला. सहज, म्हणायचा. नवव्या दिवशी भर दुपारी हस्ताचा पाऊस कोसळला, तेव्हा सगळ्यांच्या आधी तोच धावला. माळ्यावरचं जुनं इरलं त्याने फांदीवर धरलं आणि स्वतः चिंब झाला.

"आबा, तुम्ही भिजताय!"

"मला काय होतंय? बाळ-बाळंतीण कोरडी राहायला पायजेत!"

बाराव्या दिवशी सकाळी श्रुतिकाची किंकाळी आली, "आबा! हलतोय!"

पूनम पिठाच्या हातांनी धावली. पाळीवरून आलेला विनोद हेल्मेटसकट धावला. कोष काळा पडला होता. तो उकलला, आणि आतून ओला, चुरगळलेला जीव कसाबसा बाहेर आला. पंख म्हणावेत असं काही नव्हतंच. मग ते हळूहळू फुगले, पसरले. काळेभोर, खाली पांढऱ्या ठिपक्यांची ओळ.

"आपलं! आपल्या घरचं!" श्रुतिका नाचायला लागली. महिपतीलाही नाचावंसं वाटलं, आणि साठी उलटलेला तो माणूस खरंच नाचला.

तेवढ्यात बेड्याशी, गडग्यातल्या फाटकापाशी, कोणी खाकरलं. गोमाजी! डोक्यावर धुतलेली टोपी, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात जरीच्या काठाची इवलीशी कुंची.

"आज बारावा ना? बायकोने शिवलीय. बारसं मुंबईला असेल, म्हटलं आहेर तरी इथं द्यावा." त्याचा आवाज कधी नव्हे तो मऊ होता. "काय झालं रे आपल्या रेश्माला?"

पूनमने पदर तोंडाशी धरला. विनोद हेल्मेटच्या आत हसला. महिपतीने मात्र गोमाजीच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला थेट लिंबाखाली आणलं. कुरतडलेल्या फांदीवर ते नवं फुलपाखरू पंख उघडत होतं, मिटत होतं.

"रोज इचारत होतास ना, गोमाजी, पानं कोण खातो?" महिपती म्हणाला. "ह्यो बघ. ज्याला कुंची आणलीस, त्योच!"