तातडीची बाटली

नेनिताच्या मुरवलेल्या जवळ्याच्या बाटल्यांनी लिंगायेन गावातलं घर इतकं भरलं होतं, की नवरा इस्को खोक्यांवर बसूनच जेवायचा. शेवटी तिनं माल साठवणं, बांधणं, पाठवणं सगळं मनिलाच्या एका गोदामवाल्यावर सोपवलं. शेवटचं खोकं ट्रकमध्ये चढलं, आणि त्याच दुपारी सासूबाईंचा फोन आला.

"रविवारी येतेय गं. तुझा जवळा सगळं गाव खातं म्हणे. मला कधी चाखवणार?"

घरात एकही बाटली उरली नव्हती, आणि नवा जवळा मुरायला महिना लागतो. नेनितानं गोदामात फोन लावला.

"मॅडम, माल तुमचाच आहे," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "पण ऑर्डरशिवाय बाटली हलत नाही."

"अगं बाई, मी मालकीण आहे!"

"हो ना मॅडम. मग लगेच ऑर्डर टाका."

तिनं निमूटपणे आपल्याच ऑनलाइन दुकानातून एक बाटली मागवली. शनिवार उजाडला तरी पत्ता नाही. चिडून तिनं स्वतःच्या फोनवरून दुकानाला लिहिलं, "सासूपुढे माझं नाक कापणार का?" बाजूला ठेवलेला तिचाच दुकानाचा फोन वाजला. सवयीनं तिनं उत्तर दिलं, "ताई, जरा धीर धरा." ते वाचून तिचा पारा आणखी चढला. मग या हातानं टोमणा, त्या हातानं प्रतिटोमणा.

"कुणाशी भांडतेस एवढी?" इस्कोनं विचारलं.



"आहे एक भवानी. ऐकूनच घेईना, शेवटी तिची ऑर्डरच रद्द करून टाकली!"