आणखी काही घेता का?

चार पेले पाणी आटून एक पेला उरला की काढा झाला, असं वैद्यबुवांनी सांगितलं होतं. करमाडला टँकर आठवड्यातून एकदाच यायचा, तरी बायकोच्या, सारजाबाईच्या काढ्याचं पाणी कडूबानं कधी बोटभरही कमी घेतलं नाही.

शहरातले कॅन्सरचे डॉक्टर दर खेपेला केमोआधी रक्ताचा रिपोर्ट बघत आणि विचारत, "आणखी काही घेता का? काढा, जडीबुटी?"

"नाय साहेब."

बाहेर आल्यावर सारजाबाई नवऱ्याला म्हणायची, "अवं, सांगून टाका की एकदा."

"पुढच्या खेपंला सांगू. आत्ता चिडले अन् हाकलून दिलं, तर कुठं जावं?"

वैद्यबुवांपाशीही त्यानं केमोचं नाव काढलं नव्हतं.

यकृताला सूज आहे म्हणून डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली. केमो नाही म्हटल्यावर सारजाबाईची मळमळ थांबली, ती दोन घास जेवू लागली. हा काढ्याचाच गुण, असं म्हणून वैद्यबुवांनी काढा वाढवला. यकृत आणखी बिघडलं, केमो आणखी पुढे गेली. असं तीनदा झालं.

चौथ्या खेपेला डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून फाईल मिटली. "यकृत साथ देत नाही, आजार पसरलाय. आता केमो नको. घरी न्या, त्यांना आवडेल ते खाऊ घाला."



या खेपेला त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. तरी कडूबा म्हणाला, "व्हय साहेब. काढा देत होतो."