कौल लागेपर्यंत

"यंत्र बंद आसा," भिवा गुरवाने सांगितलं आणि काढलेली वायर पायाने हळूच मागे सरकवली.

देवीच्या अंगावर चिकटवलेल्या दोन ओल्या पाकळ्यांतली कोणती आधी गळणार, हे देवळातलं यंत्र बघता बघता सांगे, आणि कधी चुकत नसे. उजवी म्हणजे हो, डावी म्हणजे नाही. पूर्वी माणसं पाकळी गळेपर्यंत बसून राहायची, बोलणं जात्यावरच्या ओवीसारखं लांबत जायचं. आता मिनिटात उत्तर घेऊन उठायची. तेव्हापासून गावात घरोघरी दगडी गडगे, वाटणीच्या भिंती, उभे राहिले होते.

आज आबा आणि विसू हे सख्खे भाऊ आले होते. अंगणाच्या मधोमध गडगा घालायचा का, एवढंच विचारायचं होतं.

"मग किती वेळ बसूचा?" आबा कुरकुरला.

"ता देवीक इचार," भिवा पाकळ्या चिकटवत म्हणाला.

दोघे दोन खांबांना टेकून, तोंडं फिरवून बसले. बऱ्याच वेळाने विसू पुटपुटला, "दादा, गुडघो कसो आसा?"

"तुका काय पडलाहा?"

"पडला नसता तर इचारलंय कित्याक?"

आबा जरासा त्याच्याकडे वळला. "पायरी चढूक जमना नाय रे."

तेवढ्यात उजवी पाकळी गळली.

भिवाने वळून पाहिलं. विसू आबाचा गुडघा दाबून बघत होता. जास्त ओली पाकळी उशिरा सुटते, हे भिवाला यंत्र येण्याआधीपासून ठाऊक होतं. त्याने मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली, पाकळी उचलली, तांब्यात पुरती भिजवली आणि पुन्हा उजवीकडे चिकटवली.