शेजारच्या ताटातलं

आमच्या आत्याने आयुष्यात कधी मेनूकार्ड उघडलेलं नाही. "छापायला काय, काहीही छापतात!" असं म्हणून ती मान उंच करून शेजारच्या टेबलावर काय आलंय ते बघते आणि वेटरला सांगते, "त्यांनी घेतलंय ना, तेच आणा."

रविवारी दुपारी आम्ही दोघं एका नव्याने उघडलेल्या हॉटेलात गेलो, तर आमच्याशिवाय एकच टेबल भरलेलं. तिथे एक मिशीवाले काका आणि त्यांची बायको. दोघांपुढे नुसतं पाणी.

"आधी त्यांचं बघा. आम्हाला काही घाई नाही," आत्या वेटरला म्हणाली. वेटर तिकडे गेला आणि लगेच परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. असा अर्धा तास गेला. माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले.

शेवटी वेटरने हातच जोडले. "अहो मावशी, ते काकासुद्धा हेच म्हणतायत. तुम्ही जे मागवाल, तेच त्यांना हवंय."

आत्याने काकांकडे पाहिलं. काकांनी आत्याकडे पाहिलं. माघार कोणीच घेईना.

आज काही इथे कोणी जेवत नाही, असं समजून आचारी बाहेर आला, मधल्या टेबलावर बसला आणि त्याने घरून आणलेला स्वतःचा डबा उघडला.

 

दोन्ही टेबलांवरून एकदम बोटं रोखली गेली, "हे! हेच आणा आम्हाला!"