तीन थेंब

"यंत्र कुरकुरलं तर त्याच्यावर रागावू नये, बाळा. त्याला तहान लागलेली असते."

पन्नास वर्षांमागचा, शिवण शिकवणाऱ्या उस्तादांचा तो आवाज सकाळपासून शिंप्याच्या कानात घुमत होता. एरवी तो आठवला की हातांना हुशारी येई. आज मान खाली जात होती.

खोली एकच. खिडकीशी त्याचं शिवणयंत्र, समोरच्या भिंतीला सुनेचं टेबल आणि टेबलाखाली काळा सीपीयू. सून त्याच्यावर घरांचे नकाशे काढी. आठ दिवसांचं काम आज संध्याकाळी पोचवायचं होतं, आणि सकाळी नऊ वाजता जळका वास येऊन स्क्रीन काळी पडली.

दुरुस्तीवाला फरशीवर मांडी घालून बसला होता. चष्मा कपाळावर, स्क्रू ओठांत. त्याने डब्याची एक बाजू काढली आणि थबकला.

आत घरटं होतं. गुलाबी, पोपटी, गणवेशाचं निळं. खोलीत कापलेल्या-शिवलेल्या प्रत्येक कपड्याचं तूस पंख्याने ओढून घेतलं होतं, आणि ते सारं भिजून घोंगडीसारखं घट्ट बसलं होतं.

"अगं बाई," सून म्हणाली. "हे काय?"

"तूस तर येणारच, ताई. शिवणाची खोली. पण हे ओलं आहे." त्याने चिमूट चोळून पाहिली. "तेल. तेलाने तूस धरून ठेवलं, पंखा अडला, आणि आतल्या आत तापून जळालं."

"यात कोण तेल घालेल? ही काय दाराची बिजागरी आहे?"

शिंप्याने सुईत दोरा ओवायला घेतला. ओवलेलाच होता.

सुनेनेच त्याला कॉम्प्युटर शिकवला होता. बंद करताना बटण दाबून त्याचा गळा आवळायचा नाही, आधी रीतसर निरोप घ्यायचा. "डबल क्लिक म्हणजे एकाच जागी दोन टाके, बाबा. झटपट," असं ती म्हणाली, तेव्हा कुठे ते त्याच्या बोटांत बसलं. रोज सकाळी पुसायचं काम त्याने हौसेने मागून घेतलं. "कोरडं फडकं, आणि बाहेरूनच," तिने बजावलं होतं. "आतल्या भानगडीत पडायचं नाही." त्याने मान डोलावली होती.

"सहा महिन्यांपूर्वी तुम्हीच उघडला होता," सून दुरुस्तीवाल्याला म्हणाली. "त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. घरात आहे कोण? मी आणि बाबा. बाबा तर पुसतानासुद्धा त्याची परवानगी घेतात."

शिंपी कसनुसं हसला.

"मी तेल वापरत नाही, ताई."

"मग काय आभाळातून पडलं?" तिने फोन उचलला. "दुकानात सांगते, पुन्हा या माणसाला पाठवू नका म्हणून."

दुरुस्तीवाल्याने बोट नाकाशी नेलं. पातळ, पाण्यासारखं तेल. त्याची नजर हळूहळू वर गेली. शिवणयंत्राच्या चाकावर. फळीवरच्या लांब चोचीच्या कुपीवर. मग म्हाताऱ्यावर.

शिंप्याने डोळे चुकवले, ते नेमके दुरुस्तीवाल्याच्या कॉलरवर जाऊन पडले. टाका ओळखीचा होता. मागच्या खेपेला हा असाच फरशीवर बसला असताना शिंप्याने त्याच्या शर्टाची विरलेली कॉलर उसवून उलटी लावून दिली होती. विरलेली बाजू खाली, कोरी बाजू वर. सून चहासाठी दूध आणायला बाहेर गेली होती तेवढ्यात. "कुणाला कळायचं नाही," असं हलक्या आवाजात म्हणालाही होता.

दुरुस्तीवाल्याने बोट पँटला पुसलं.

"असेल, ताई," तो म्हणाला. "माझ्याच हातून झालं असेल. नकाशे शाबूत आहेत, डिस्कला धक्का नाही. संध्याकाळच्या आत दुसऱ्या मशीनवर लावून देतो. दुकानात काय सांगायचं ते सांगा."

"सांगणारच." ती नंबर शोधू लागली. "चूक करायची ती करायची, वर आधी कानांवर हात. लाज वाटायला हवी माणसाला."

शिंप्याचे कान तापले. दुरुस्तीवाला चिमट्याने तूस उपसून वर्तमानपत्रावर ठेवत राहिला. हे गुलाबी, कोपऱ्यावरल्या नर्सबाईंच्या मुलीच्या फ्रॉकचं. हे निळं, शाळा उघडतानाचं. लांबूनही शिंप्याला एकेक कापड ओळखू येत होतं.

फोनमध्ये पलीकडची घंटी वाजू लागली.

शिंपी उठला. मांडीवरचं कापड घसरलं, कात्री फरशीवर वाजली. त्याने फळीवरची कुपी काढली, आणि वाकून, त्या रंगीत ढिगाशेजारी, दुरुस्तीवाल्याच्या पुढ्यात ठेवली.

"फोन ठेव, पोरी."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग कुपीकडे.

"रोज सकाळी, मागच्या जाळीतून," तो म्हणाला. मान वर झाली नाही. "तीन थेंब. मीच घालत होतो. करकरत होता गं. मला वाटलं, तहान लागली असेल."